सबनीस सरांचा शेजारधर्म

सबनीस सर सत्तर वर्षांचे झाले म्हणून त्यांची गौरविका निघणार आहे आणि ती टाइप करायला माझ्याकडेच आली आहे. आतापर्यंत सतरा लेख आले. सतराही लेखांत सर दिलदार आहेत, नऊ लेखांत द्रष्टे आहेत आणि त्यांच्या एका मेहुण्याने तर त्यांना ‘सीमा ओलांडणारं व्यक्तिमत्त्व’ म्हटलंय. आपण किती खरं लिहून बसलोय हे मेहुण्याला कळलेलं नाही. अठरावा लेख माझा हवा असा सरांचा आग्रह आहे. ‘मॅडम, तुम्ही मला पंचवीस वर्षं ओळखता,’ असं ते म्हणाले. ओळखते, हीच तर पंचाईत आहे. हा लेख गौरविकेत जाणार नाही. पण पंचवीस वर्षं त्यांचा मजकूर सुधारून दिल्यावर एकदा माझा मजकूर लिहावासा वाटला, म्हणून लिहितेय.

डोंबिवली पूर्वेला माझं मराठी टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी. सर समोरच्याच इमारतीत राहायचे, पहिल्या मजल्यावर. ते कुणाचेही सर नव्हते. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. त्यांची सहल कंपनी होती. डोंबिवलीतल्या निवृत्त मंडळींना ते वर्षातून चार वेळा पशुपतिनाथाला न्यायचे आणि बसमध्ये माइक हातात धरून माहिती सांगायचे. ती ऐकून कुणीतरी सर म्हणालं, ते यांनी लगेच व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं. कार्ड मीच केलं होतं. मी विचारलं की दिलीप सबनीस की सबनीस सर, तर म्हणाले, दोन्ही घ्या, जागा आहे.

दिसायला रुबाबदार माणूस. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलताना समोरच्याच्या कोपराला हलकेच धरायची सवय. रस्त्यात भेटले तरी धरायचे. लोकांना त्यात जिव्हाळा वाटायचा. मला वाटायचं, हा माणूस आपण पळून जाऊ नये म्हणून धरतोय. घोळक्यात उभे असले की बोलता बोलता त्यांचं बोट हवेत नाचत असायचं, कारण ते माणसं मोजत असायचे. लग्नात, सत्यनारायणाला, अगदी स्मशानातसुद्धा. सहलीला निघताना प्रत्येकाला ते एक भगवी टोपी द्यायचे, गर्दीत ओळखू यावं म्हणून. टोपी ते स्वतःच्या हाताने घालायचे. त्या काळात आमच्या गल्लीत ‘सरांनी टोपी घातली’ हे वाक्य लोक हसल्याशिवाय म्हणू शकत नव्हते. सर स्वतःही हसायचे. त्यांना विनोद पूर्ण कळत होता आणि काही वाटत नव्हतं.

त्यांचं एक पालुपद होतं, ‘इथे नाही तर तिथे.’ इथल्या ऑफिसात सही मिळत नाही, तर तिथल्या मिळेल. सरांच्या सोसायटीत एका घराला एकच गाडी ठेवायची असा नियम झाला. सरांनी दुसऱ्याच दिवशी आपली जुनी व्हॅन नेऊन शेजारच्या सोसायटीच्या गेटला अर्धी आडवी लावली. तिथल्या सेक्रेटरीने तक्रार केली तेव्हा सरांनी त्याचं कोपर धरलं आणि त्याला शेजारधर्म म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. तो बिचारा परत गेला. व्हॅन तिथे दोन वर्षं होती.

असा माणूस सरोगसीत कसा शिरला, तर सहलीतूनच शिरला. ठाण्यातल्या एका टेस्ट ट्यूब बेबीच्या हॉस्पिटलचा डॉक्टर आईला घेऊन पशुपतिनाथाला आला होता. बसमध्ये त्याने सरांना आपली अडचण सांगितली. आपल्याकडे तेव्हा परदेशी जोडपी यायची, इथल्या बाईच्या पोटात मूल वाढवून घ्यायची आणि घेऊन जायची. मग सरकारने अट घातली की जोडपं नवरा-बायकोचंच हवं. एकटा पुरुष, एकटी बाई किंवा दोन पुरुष असतील तर व्हिसा नाही. डॉक्टरकडे तर अशांचीच रांग होती. आणि शेजारी नेपाळने काय केलं होतं, तर परदेशी माणसांना तिथे सरोगसी करायला परवानगी दिली होती, फक्त बाई नेपाळी असता कामा नये.

सरांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लुकलुकत होते. माझ्या दुकानाच्या भिंतीवर भारताचा शाळेतला नकाशा होता. त्यावर त्यांनी पेनाचं टोक ठेवलं. ‘मॅडम, गंमत बघा. इथे बाई चालते पण गिऱ्हाईक चालत नाही. तिथे गिऱ्हाईक चालतं पण बाई चालत नाही. मधे काय आहे? काही नाही. सीमेवर सुनौलीला एक कमान आहे. आपल्या माणसाला पासपोर्ट नको, व्हिसा नको. मी चौदा वर्षं लोकांना त्या कमानीखालून नेतोय.’ मग त्यांनी पेनाची टोपी लावली आणि म्हणाले, ‘याला म्हणतात शेजारधर्म.’

मला तेव्हाच किळस आली, असं लिहिलं तर छान दिसेल. पण तसं नव्हतं. मला ती युक्ती हुशारीची वाटली. किळस नंतर आली.

बायका डोंबिवलीजवळच्या दिव्यातून मिळाल्या. दिव्यात भाडं कमी, पाणी त्याहून कमी आणि गरज भरपूर. सर तिथे पूर्वी देवदर्शनाच्या एक दिवसाच्या सहली न्यायचे, त्यामुळे चाळींमध्ये ओळखी होत्या. पाच जणी तयार झाल्या. आता करारनामा हवा होता, आणि इथे सरांनी जे केलं ते फक्त तेच करू शकतात. नवा करार वकिलाकडून करून घ्यायचा तर वेळ जाणार, म्हणून ते सहलीचा जुना छापील फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. ‘श्रीक्षेत्र पशुपतिनाथ दर्शन: यात्रेकरूंसाठी नियम व अटी.’ म्हणाले, प्रदेश तोच आहे, प्रवास तोच आहे, बाकी ‘यात्रेकरू’च्या जागी दुसरा शब्द टाका. कुठला टाकू विचारलं. आधी ‘भाडोत्री माता’ म्हणाले, मग स्वतःच म्हणाले की ते खोली रिकामी करायला सांगितल्यासारखं वाटतं. शेवटी ‘सेविका’ ठरलं. सहलीच्या जागी सेवा.

मी कॉम्प्युटरला एकदा सांगितलं आणि त्याने तीन पानांवर सगळीकडे शब्द बदलून टाकले. ‘सेविकांनी गरम कपडे सोबत ठेवावेत.’ ‘वयोवृद्ध सेविकांनी डॉक्टरांचा दाखला आणावा.’ ‘सेविकांनी मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर बाळगाव्यात.’ मराठी इतकी सोशिक भाषा आहे की ‘यात्रेकरूंनी’चं ‘सेविकांनी’ बिनतक्रार झालं. फक्त अकराव्या कलमात गडबड झाली. मूळ वाक्य होतं, ‘यात्रेकरूने सहल मध्येच सोडल्यास परतीच्या प्रवासाची जबाबदारी आयोजकांवर राहणार नाही.’ त्याचं झालं ‘सेविकाने सेवा मध्येच सोडल्यास.’ सेविकाने हे चुकीचं रूप आहे. मी तिथे थांबले, मात्रा दिली, ‘सेविकेने’ केलं आणि पुढे गेले. व्याकरण सुधारलं आणि कलम तसंच राहू दिलं. सरांना मी जितकी नावं ठेवते त्यातला काही वाटा या एका मात्रेचा आहे, हे मला माहीत आहे.

फॉर्मच्या तळाशी ‘डोंबिवली संपर्क’ म्हणून माझ्या दुकानाचा नंबर होता. सहलीच्या काळात बुकिंगचे निरोप मी घ्यायचे, त्यामुळे तोही तसाच राहिला.

पाच जणींना निरोप द्यायचा कार्यक्रम सरांनी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये ठेवला. निरोप देण्याची त्यांना हौसच. सरांच्या बायकोने पाचही जणींची ओटी भरली. सगळी तयारी झालेली, नारळ, खण, तांदूळ. एका बाजूला डॉक्टर मोबाइल बघत बसलेला. मग सरांनी प्रत्येकीच्या डोक्यावर भगवी टोपी घातली आणि हवेत बोट नाचवलं, एक, दोन, तीन, चार, पाच. शेजारीपाजारी विचारतील तर काय सांगायचं ते पढवून ठेवलं होतं: काठमांडूला एका आश्रमात स्वयंपाकाचं काम आहे. त्या हॉलमध्येच मी संगीताला पहिल्यांदा पाहिलं. अठ्ठावीस वर्षांची, ठेंगणी, हसताना तोंडावर हात धरणारी. नवरा एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत रोजंदारीवर. सात वर्षांची मुलगी होती, ती संगीताच्या आईकडे राहणार होती. आई दिव्यातच, दोन गल्ल्या सोडून. संगीता माझ्याजवळ आली आणि फॉर्मवरचा नंबर दाखवून म्हणाली, ‘ताई, हा तुमचाच ना? मग बरं झालं.’

पुढचे काही महिने सर खुशीत होते. दर पंधरा दिवसांनी काठमांडूला जायचे, येताना रुद्राक्षाच्या माळा आणायचे, एक मलाही आणली. मग तिथे भूकंप झाला. ज्या देशाची जोडपी होती त्या देशाचं विमान आलं, जन्मलेली बाळं घेऊन गेलं. बाळांना जन्म देणाऱ्या बायका राहिल्या. आपल्या पाचही जणी दहा-बारा रात्री अंगणात ताडपत्रीखाली झोपल्या. सर त्या वेळी डोंबिवलीत होते. त्यांनी माझ्या दुकानातून फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘डॉक्टरांनी सोनोग्राफी केली का?’ संगीता तिकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सर फोन ठेवून म्हणाले, ठोके व्यवस्थित आहेत. कुणाचे ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

त्यानंतर पावसाळ्याच्या शेवटी नेपाळच्या न्यायालयाने हे सगळं थांबवायचा हुकूम दिला आणि थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारने बंदी घातली. हॉस्पिटलांनी दारं लावली. जन्मलेल्या बाळांना देशाबाहेर न्यायचे कागद मिळेनात. सर तेव्हा काठमांडूतच होते. ते काय करतील असं तुम्हाला वाटतं? ते दुसऱ्या दिवशी विमानाने घरी आले. चौदा वर्षं लोकांना बसने कमानीखालून नेलेल्या माणसाला त्या दिवशी विमान आठवलं. आल्यावर त्यांनी मोबाइलचा नंबर बदलला आणि मला सांगितलं, ‘मॅडम, तिकडून फोन आला तर मी टूरवर आहे.’

तिकडून फोन आला. रोज यायला लागला. पाचांपैकी दोघी सुरुवातीच्या महिन्यांत होत्या, त्यांचा गर्भ टिकला नाही आणि त्या आधीच परतल्या होत्या. दोघींचं बाळंतपण झालं होतं. संगीता सातव्या महिन्यात होती. आणि इकडे दिव्यात तिची आई आजारी पडली. कावीळ पोटात उतरली, तिला सरकारी इस्पितळात ठेवलं, डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं की जवळच्यांना बोलवून घ्या. संगीताला घरी यायचं होतं. एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी सरांच्या घरी गेले. ते गॅलरीत बसून शेंगदाणे खात होते. मी म्हटलं, तिला आणा. सरांनी माझं कोपर धरलं, मी सोडवून घेतलं. मग ते अगदी शांतपणे, बसमध्ये माहिती सांगावी तसं समजावू लागले. ‘मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका. ती आहे तिथे राहिली तर बाळंत होईल, कागद आज ना उद्या सुटतील, ज्यांचं मूल आहे ते दोघे येऊन ते घेऊन जातील. पण ती कमान ओलांडून इकडे आली आणि इकडे बाळंत झाली, तर कायदा इकडचा लागतो. ते दोघे पुरुष. त्यांना इथे मूल न्यायला व्हिसाच मिळणार नाही. दाखल्यावर आई म्हणून हिचं नाव लागेल. बाप कोण लावणार? पलीकडे ती कुणी नाही. अलीकडे ती आई आहे. पन्नास पावलांचा फरक आहे.’

त्यांनी सांगितलेला कायदा बरोबर होता. सरांचा कायदा नेहमीच बरोबर असायचा. मी म्हटलं, मग तिच्या आईचं काय? सर आत गेले, फॉर्म घेऊन आले आणि अकराव्या कलमावर बोट ठेवलं. ‘सेविकेने सेवा मध्येच सोडल्यास.’ माझी मात्रा तिथे ठळक दिसत होती.

त्या संध्याकाळी मी संगीताला फोनवर सगळं खरं सांगितलं आणि वर सांगितलं की तू बसमध्ये बस आणि ये, सुनौलीला तुला कुणी अडवणार नाही, पुढचं पुढे बघू. मग तिने विचारलं, ‘मी आली तर बाळाचं काय होईल, ताई?’ मी म्हटलं, ते मला माहीत नाही. ती बोलली, ‘मग मी कशी येऊ? ते दोघं रोज फोन करतात. एक जण मराठी शिकतोय माझ्याशी बोलायला.’ आणि फोन ठेवला. सरांना पोटातल्या मुलाचे ठोके माहीत होते. त्या मुलाचं काय होईल ही काळजी मात्र त्या सगळ्या व्यवहारात फक्त तिला पडली होती, आणि ते मूल तिचं नव्हतं.

तिची आई नवव्या दिवशी गेली. संगीताच्या नवऱ्याने आणि मुलीने सगळं केलं. सरांनी संगीताला व्हॉट्सअपवर समईचं चित्र पाठवलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली स्वतः टाइप केलं, ‘तपासणीच्या तारखा चुकवू नका.’ हे मला संगीताने नंतर दाखवलं. तिने ते पुसलं नव्हतं. बाळ झालं, कागद सुटले, ते दोघे येऊन त्याला घेऊन गेले, आणि हिवाळ्यात ती एकटी बसने दिव्याला परत आली. आईच्या खोलीत तोवर दुसरं बिऱ्हाड आलं होतं.

यानंतर सर शरमेने गप्प बसले असतील असं कुणाला वाटत असेल तर त्याने सर पाहिलेले नाहीत. आपल्याकडेही परदेशी जोडप्यांना पूर्ण बंदी झाली. थायलंडने दार लावलं. सर काही दिवस कंबोडियाची चौकशी करत होते, तेवढ्यात त्यांनीही लावलं. मग आपला नवा कायदा आला. बाईला औषधपाणी आणि विमा सोडून एक पैसा द्यायचा नाही, ती लग्न झालेली हवी, स्वतःचं मूल असलेली हवी, वय पंचवीस ते पस्तीस आणि जन्मात एकदाच. तिने हे केवळ परोपकार म्हणून करायचं. धंदा संपला, आणि सर व्याख्याते झाले. ‘शेजारी देशांतील सरोगसी कायदे: एक तौलनिक दृष्टी.’ महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, एकदा तर ठाण्यात वकिलांच्या एका गटासमोर. भाषण मीच टाइप करून द्यायचे. त्यात एक वाक्य होतं, ‘स्त्रीच्या मातृत्वाचा बाजार मांडणाऱ्या प्रवृत्तींना या कायद्याने चपराक दिली आहे.’ हे वाक्य म्हणताना ते थोडे थांबायचे, आणि टाळ्या यायच्या. एका महिला मंडळात मी मागच्या रांगेत होते. शाल-श्रीफळ घेतल्यावर मंचावर उभ्या उभ्या त्यांचं बोट हवेत नाचलं. एकशे बारा, असं मला खाली उतरल्यावर सांगितलं.

आता शेवटचं. सरांना एक मुलगी आहे, नेहा. घोडबंदर रोडला राहते, बँकेत आहे. बापाचं नाक आणि आईचा स्वभाव. लग्नाला सात वर्षं झाली, तीन वर्षांपूर्वी आजारपणात तिची गर्भपिशवी काढावी लागली. मूल हवं असेल तर आता एकच वाट होती, तीच, जिच्यावर सर भाषणं देत होते. जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डाचा दाखला मिळाला. बाकी सगळे कागद सरांनी नेहमीच्या तत्परतेने जमवले. फक्त बाई मिळेना.

विकत मिळण्याची सोय राहिली नव्हती. कुणीतरी आपणहून हो म्हणायला हवं होतं. सर पुतणीकडे गेले, तिने नवऱ्याला विचारते म्हणून सांगितलं आणि फोन उचलणं बंद केलं. भाचीकडे गेले. चुलतभावाच्या सुनेकडे गेले, तर तिने दारातूनच सांगितलं की आम्ही बाहेर निघालोय. आयुष्यभर ज्यांची कोपरं धरली त्यांच्यापैकी एकीनेही नऊ महिने नुसत्या प्रेमापोटी द्यायची तयारी दाखवली नाही. हे ऐकून मला बरं वाटलं, ते लपवत नाही. नेहाचं वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

गेल्या महिन्यात सर दुकानात आले. हातात पेढ्यांचा मोठा खोका. म्हणाले, मॅडम, संगीताकडे जाऊ या. मी टायपिंग थांबवलं. म्हणाले, मी एकटा गेलो तर ती दार उघडणार नाही. हे त्यांना समजत होतं, याचंच मला आश्चर्य वाटलं. मी का गेले? ती काय बोलते ते मला ऐकायचं होतं. कुणीतरी त्यांच्या तोंडावर बोलावं असं मला दहा वर्षं वाटत होतं आणि मी स्वतः ते कधी बोलले नव्हते.

दिव्यात चौथ्या मजल्यावर संगीताची खोली आहे. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. जिन्यात पाण्याचे कॅन रांगेने ठेवलेले. तिने दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग त्यांना. ‘या’ म्हणाली. अंगाने भरली आहे, केसांत पांढरं दिसतं, हसताना तोंडावर हात धरत नाही. मुलगी कॉलेजला गेली होती. संगीताने पाणी दिलं. तिथे पाणी देणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, सरांनी अर्धा पेला तसाच ठेवला.

सरांनी नेहाचं सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, गळासुद्धा दाटून आला. तो खरा दाटला होता, त्यात मला शंका नाही. बाप म्हणून ते खोटे नाहीत. संगीता ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘आई गेली तेव्हा नेहाताईंचा फोन आलेला मला काठमांडूला. तुमच्या घरातून तेवढाच आला. काही बोलल्या नाहीत, नुसत्या रडत होत्या. माझं नियमात बसत असतं ना सर, तर मी केलं असतं. त्यांच्यासाठी केलं असतं.’

मी खाली बघितलं. मी जे ऐकायला आले होते ते हे नव्हतं.

‘पण माझं आता बसत नाही,’ ती पुढे म्हणाली. ‘अडतीस चालू आहे. आणि कायद्यात एकदाच आहे ना? माझं एकदा झालंय.’

सर खुर्चीत पुढे सरकले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी अनेकदा तसा झालेला पाहिला होता, नकाशावर पेन ठेवताना, गॅलरीत शेंगदाणे खाताना. डोळे लुकलुकायला लागले. ‘वयाचं मी बघतो. आधारवरची तारीख दुरुस्त होते. आणि एकदाचं म्हणाल, तर ते तिकडचं होतं. तो कायदा वेगळा, हा वेगळा. इकडे कुठे नोंद आहे? इथल्या कागदावर तुमचं काहीही झालेलं नाही.’

संगीताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, असता तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी हळू म्हणाली, ‘आई इथल्या कागदावर गेली, सर. दाखला आहे माझ्याकडे.’

मग ती उठली, पेढ्यांचा खोका तिने न उघडता सरांच्या हातात परत दिला आणि दार उघडून बाजूला उभी राहिली. मला म्हणाली, ‘ताई, जिन्यात जपून. दुसऱ्या मजल्यावर दिवा नाही.’

आम्ही उतरू लागलो. सर पुढे होते, एका हातात खोका, दुसरा हात भिंतीला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल, निदान रडेल, आणि मी त्याचं आधीचं सगळं विसरेन. दुसऱ्या मजल्यावर अंधारात ते थांबले. त्यांनी चाचपडत माझं कोपर धरलं.

‘मॅडम,’ ते कुजबुजले, ‘पण ती नाही म्हणाली नाही. लक्षात आलं का तुमच्या?’